मालनबाई डोळे मिटत नाहीत

देवाची भांडी चिंच-मिठाने घासायला घेतली होती. समई झाली, ताम्हन झालं. निरांजन अर्धं झालं होतं, म्हणजे एक बाजू सोन्यासारखी आणि दुसरी अजून काळपट, तेवढ्यात बेल वाजली. हात बरबटलेले, म्हणून कोपराने कडी काढली. दारात मालनबाई. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर.

"समाधानची आई, उद्या पोरीला वाचायला बसवू नको," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

बुधवारी दुपारी अडीचला मालनबाई कुणाच्या दारात जात नाहीत. ती त्यांची पेपर वाचायची वेळ. शिवाय त्या तळमजल्याला राहतात, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या जेल रोडच्या सोसायटीला लिफ्ट नाही. त्यांचे गुडघे गुरुवारी संध्याकाळी तेवढे तीन मजले चढतात, एरवी नाही. म्हणजे काहीतरी मोठंच असणार, एवढं मला कळलं. पण उद्याचा गुरुवार पंधरावा. सोळा गुरुवारांचं पारायण, पंधरावा अध्याय, आणि आमच्या बैठकीतल्या यशोदाबाईंनी इंदिरानगरच्या मंडळातल्या वीस बायकांना आमच्याकडे बोलावून ठेवलेलं. सतरंज्या वाळत होत्या. पेढ्यांची ऑर्डर गेलेली.

मी म्हटलं, "आधी आत तर या. पाणी देते."

"पाणी नको. पोरगी कुठंय?"

पोरगी म्हणजे माझी सून, चैताली. सातवा महिना संपत आलेला. ती दही आणायला खाली गेली होती.

"भेटली मला खाली, दही घेऊन येताना. म्हणून तर तिच्या आधी वर आले," मालनबाई म्हणाल्या. "मी सदुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली. ती चोवीस वर्षांची. आणि मी तिच्या आधी वर आले. आता तूच काय ते समज."

मी काहीच समजले नाही. मी त्यांना खुर्ची दिली.

मालनबाई म्हणजे कोण, ते आधी सांगते, कारण हे सगळं त्यांच्यावरच लिहायचं ठरवून आज वही उघडली आहे.

त्यांचे यजमान इथल्या सरकारी प्रेसमध्ये होते. तरुणपणीच गेले, आणि त्यांच्या जागेवर मालनबाई लागल्या. बत्तीस वर्षं त्यांनी छापलेले कागद तपासले. काय छापलेलं, ते आम्ही नाशिक रोडची माणसं विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. "तिथलं तिथंच," एवढं म्हणून विषय संपवतात. मला इतकंच माहीत आहे की समोर गठ्ठा यायचा, आणि एखाद्या कागदाचा रंग फिका आहे, रेघ केसभर सरकली आहे, शाई कुठे दबली आहे, असं दिसलं की तो बाजूला काढायचा. सात वर्षांपूर्वी त्या रिटायर झाल्या. डोळे झालेले नाहीत.

समाधानच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तर त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली आणि म्हणाल्या, "गणपतीचा पिवळा रंग सोंडेच्या बाहेर आलाय." तोवर तीनशे पत्रिका वाटून झालेल्या. तेव्हापासून ज्याच्या घरी ती पत्रिका बघते त्याच्या घरी मला आधी सोंडच दिसते. द्राक्षांच्या गाडीवाला त्यांना लांबून येताना बघतो आणि वरचे घड खाली करतो. आमच्या मंडळाच्या यशोदाबाई त्यांना तोंडावर 'इन्स्पेक्टर' म्हणतात. मालनबाईंना त्यात काही वाईट वाटत नाही. हुद्दा वाढवला म्हणतात.

त्यांच्या घरी देवघर नाही. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, तिच्यापुढे पांढरं स्वच्छ कापड आणि दोन फुलं. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्याकडून आम्हाला खिरीचा डबा येतो. आमच्या गुरुवारच्या बैठकीला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आल्यात तर बसू द्या की." त्या दिवशी वहीत मी माझं मन किती मोठं आहे ते सविस्तर लिहून ठेवलंय. शाई अजून चांगली आहे, पण ते पान मला आता वाचवत नाही.

तर मालनबाई यायच्या, दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि डोळे उघडे ठेवायच्या. अध्याय सुरू झाला की आम्ही सगळ्या डोळे मिटतो. त्या नाहीत. एकदा यशोदाबाई न राहवून म्हणाल्याच, "मालनबाई, मिटा की जरा डोळे. देव काय पळून जातोय?"

"मिटते की रात्री, सात तास," मालनबाई म्हणाल्या. "इथं मी या पोरीचा आवाज ऐकायला येते. झोपायला नाय."

आवाजाचं खरं आहे. चैतालीचं माहेर देवळाली कॅम्पातलं. तिचे वडील फौजींचे गणवेश शिवतात. ते गिऱ्हाइकाची मापं घ्यायचे आणि ही लहानपणी वहीतून ती मोठ्याने वाचून दाखवायची. छाती अडतीस, कंबर बत्तीस. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. त्यामुळे तिचं वाचन असं की शेवटच्या सतरंजीवरच्या बाईलाही प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यावं. दिवस राहिल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, हिच्याकडूनच पोथी वाचून घ्या, पोटातल्या बाळावर संस्कार होतील आणि आपल्यालाही ऐकायला मिळेल. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी बसवली. चौथा महिना होता.

पहिले चार गुरुवार झुळझुळ पाण्यासारखे गेले. पाचव्या गुरुवारी वाचता वाचता चैताली एकदम थांबली. तोंड अर्धवट उघडं, एक हात छातीवर. मग पुढे वाचायला लागली. यशोदाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "गहिवरून आलं पोरीला," त्या म्हणाल्या. "एवढ्या लहान वयात एवढा भाव!" आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. रात्री मी वहीत त्या गुरुवारच्या पानावर लाल पेनने एक छोटं कमळ काढलं आणि शेजारी कोणत्या शब्दाला गहिवर आला तो शब्द लिहिला. मला वाटलं, पुढे नातवाला दाखवू. तू पोटात असताना तुझी आई कुठे कुठे गहिवरली, बघ.

सातव्या गुरुवारी दोन कमळं. नवव्याला चार. अकराव्याला सात. बातमी पसरली. आधी आमच्या बैठकीला अकरा बायका असायच्या, मग सतरा, मग जिन्यात चपलांचा ढीग. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी वाचन झाल्यावर चैतालीच्या पाया पडल्या. तिला वाकायला जमत नव्हतं, म्हणून ती नुसतीच अवघडून उभी राहिली. आम्ही म्हटलं, किती ही नम्रता.

आणि तपासणी? ती राहत गेली. ज्या सरकारी प्रसूतिगृहात तिचं नाव घातलंय तिथे गर्भवतींना तपासायचा दिवस गुरुवार. आमचाही गुरुवार. सकाळी तिथे रांगेत बसून दमली तर संध्याकाळी आवाज कसा लागणार, हा माझा विचार. तिचा गुरुवारचा उपास असतो, हाही माझाच विचार. तिसऱ्या महिन्यात एकदा रक्त तपासलं होतं तेव्हा थोडं कमी होतं, लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. यशोदाबाई म्हणाल्या, "लोखंडाची गोळी घेतली की पोर काळं होतं, माझ्या भाचीचं झालं." मी लगेच हो म्हटलं नाही. मी सुशिक्षित आहे. मी गोळ्या देवघराच्या खणात ठेवल्या, म्हणजे रोज पूजेच्या वेळी समोर दिसतील आणि द्यायच्या लक्षात राहतील. पहिले काही दिवस केशर घातलेल्या दुधाबरोबर दिल्याही. मग चैतालीचं पोट जड व्हायला लागलं, मग खणात कापराचा डबा ठेवला, मग वातींचा पुडा.

बुधवारी दुपारी भांडी घासायची म्हणून तो खण मी रिकामा केला होता. कापूर, वाती, जुन्या अंगाऱ्याच्या पुड्या आणि गोळ्यांच्या पाच पट्ट्या, सगळं ओट्यावर मांडलेलं. मालनबाईंना खुर्चीत बसवलं तर त्यांची नजर पहिल्यांदा तिथेच.

"ह्या कुणाच्या?"

"चैतालीच्या. द्यायच्यात."

"कधी? बारशाला?"

मी हात धुवायला वळले. पाठीमागून त्या म्हणाल्या, "तुझी ती वही आण बरं. रोजची. कमळांची."

वही मी कुणाला देत नाही. पण त्यांचा आवाज असा होता की मी ओल्या हातानेच जाऊन आणली. त्यांनी चष्मा लावला. ओट्यावरची वातींच्या पुड्यातली पुठ्ठ्याची पट्टी घेतली, पानावर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायला लागल्या. बत्तीस वर्षांची सवय. पान उलटताना अंगठा जिभेला लावत नाहीत.

"‘आणि’ला गहिवर," त्या म्हणाल्या. पट्टी खाली. "‘मग’ला गहिवर. ‘तेथून’ला गहिवर." पट्टी खाली. "‘भाजी’." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "समाधानची आई, हे काय? भाजीला कोण रडतं?"

"त्या अध्यायात भक्ताच्या घरी जेवणाचं वर्णन आहे," मी म्हटलं. "भाजी-भाकरीचं."

"असंल. पण माणूस देवाच्या नावाला रडंल. संकटाला रडंल. ‘आणि’ला कशाला रडंल? ‘आणि’ म्हणजे अजून पुढं वाचायचंय, म्हणून?"

भाव कुठेही दाटतो, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दोन पावलं, मग काही नाही. मग दोन पावलं, मग बराच वेळ काही नाही. आम्ही दोघी ऐकत बसलो. मी हे रोज ऐकते. रोज मला वाटतं, फोनवर बोलत येत असेल.

चैताली दारात आली. दह्याची पिशवी हातात, ओठ उघडे. "बसा ना... मालनमावशी... मी चहा..." एवढ्या वाक्यात तिने तीनदा श्वास घेतला. मी मनातल्या मनात मोजले. सवयच लागली होती.

"चहा राहू दे. इकडं ये. हात दे."

मालनबाईंनी तिचा हात वहीच्या कोऱ्या भागावर ठेवला, समासात. शेजारी माझा हात ठेवला. माझी नखं चिंचेने काळी झालेली, तरी खालून लाल. तिची नखं आणि कागद, दोन्हींचा रंग एकच. त्यांनी तिच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. रंग परत यायची वाट बघितली. यायला होता कुठे रंग.

"दम कधीपासून लागतो, पोरी?"

चैतालीने माझ्याकडे बघितलं. मी निरांजनाकडे.

"मी सांगितलं होतं आईंना," ती हळूच म्हणाली. "पौषात."

सांगितलं होतं. तेही वहीत आहे. मालनबाईंनी पट्टी सरकवली आणि वाचलं: ‘चैताली म्हणाली, वाचताना दम लागतो. मी म्हटलं, पोटुशीला दम लागतोच, मला समाधानच्या वेळी लागायचा. मन एकाग्र कर, सगळं शांत होतं.’ खाली त्या दिवसाची दोन कमळं.

"मग नंतर का नाही बोललीस गं?" मी विचारलं. आवाज जरा वरच गेला.

"काय बोलू आई? मी थांबले की तुम्ही सगळ्या डोळे पुसायच्या. यशोदाकाकू तर हुंदके द्यायच्या. मी काय सांगू, की मला नुसता श्वास पुरत नाहीये? त्या आजी माझ्या पाया पडल्या, मावशी. मला वाटलं, आता काही बोलले तर पापच लागेल." बोलता बोलता ती खाली बसली. "आणि मला वाटायचं, थोडा भावही असेल."

मालनबाई उठल्या. "चल. साडी बदलू नको. फाईल घे."

"उद्या गुरुवार आहे, उद्या तिथे तपासणीच असते..." मी म्हणाले.

"उद्या नाय. आज."

"पण उद्याच्या बायका..."

"समाधानची आई," मालनबाई म्हणाल्या, "माझ्या हातून बत्तीस वर्षांत एक खराब कागद पुढं गेला नाय. कागद! आणि इथं समोर पोरीचा रंग उडत चाललाय आणि तू मला बायका सांगती?"

रिक्षा मिळाली. चैताली मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. यशोदाबाईंचा फोन आला तो दत्त मंदिराच्या सिग्नलला. "अहो, उद्या पेढे साध्या खव्याचे की केशरी? इंदिरानगरच्या बायका आहेत, त्यांना सवय आहे." मी सांगितलं, दवाखान्यात चाललोय. तर त्या म्हणाल्या, "अगंबाई. मग संध्याकाळपर्यंत मोकळ्या व्हाल ना? मी सांगून बसलेय हो, की आमची सून वाचता वाचता गहिवरते." मालनबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. त्या एवढ्या उद्धट वागतील असं मला वाटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चैतालीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि तिचा चेहरा बदलला. नाडी, छाती, पाठ, पायांवरची सूज. बोटाला चिमटा लावला. रक्त घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

"थोडेच दिवस झाले," चैताली म्हणाली.

"आठवडाभर असेल," समाधान म्हणाला. तो सिन्नर फाट्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमधून धावत आलेला, स्वतःच धापा टाकत.

मालनबाईंनी माझ्या काखेतली वही काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरने पानं उलटली. "ही फुलं कसली आहेत?"

मला सांगावं लागलं. खोलीत सिस्टर होती, समाधान होता, दाराशी पुढची पेशंट आणि तिची सासू. सगळ्यांसमोर मी सांगितलं, की प्रत्येक कमळ म्हणजे एक गहिवर, आणि गहिवर म्हणजे... आणि मग मला पुढचा शब्द सापडेना. डॉक्टर हसली नाही. तिने पेनाच्या टोकाने कमळं मोजली. "एक, दोन, चार, सात, अकरा, चौदा," ती म्हणाली. "दहा आठवडे. बसल्या जागी. दर वेळी जास्त. एवढा व्यवस्थित इतिहास मला कुणी आणून देत नाही, काकू." आणि तिने तो फाईलमध्ये उतरवून घेतला. माझ्या वहीचा कुठल्याही सरकारी कागदावर झालेला हा पहिला उपयोग.

आणखी विचारलं, बर्फ खावासा वाटतो का? खात होती ना, कडाकडा. मी फ्रीजमध्ये तिच्यासाठी वेगळा ट्रे ठेवला होता, उष्णता म्हणून. छातीत धडधडतं का? धडधडतं. उताणं झोपवतं का? दोन उशा लागतात. हे सगळं मला त्या टेबलाशी पहिल्यांदा कळलं, जी बाई दोन खोल्या पलीकडे झोपते तिच्याबद्दल.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक तीन. किमान अकरा हवं.

"गरोदरपणात दम बऱ्याच जणींना लागतो," डॉक्टर समजावून म्हणाली. "तुम्ही म्हणालात ते खोटं नाही. बाळ वर दाबतं, श्वास जरा लहान होतो. पण बसून बोलतानाही लागतो, दर आठवड्याला वाढतो, माणूस पांढरं पडतं, धडधडतं, तेव्हा तो नेहमीचा नसतो. मग वाट बघायची नाही. हिचं रक्तच कमी आहे. असंच बाळंतपणाला आली असती तर थोडा रक्तस्रावही हिला झेपला नसता." आणि मग समाधानकडे बघून, "आजच दाखल करायचं."

मी बाहेर बाकावर येऊन बसले. जप करावा म्हटलं, तर ओठ हलेनात. मालनबाई शेजारी बसल्या. बराच वेळ आम्ही समोरचं लसीकरणाचं पोस्टर बघत होतो. त्या एकदम म्हणाल्या, "त्यातल्या बाळाच्या गालाचा रंग चुकलाय." मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "मला तीन गुरुवार दिसत होतं."

"काय?"

"पोथीच्या पानावर तिचं बोट फिरायचं ना, ओळीखाली. नख दिसायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा म्हटलं, ट्यूबलाइटचा उजेड असंल. दुसऱ्यांदा म्हटलं, सांगावं. पण तुमचं घर, तुमचा देव, तुमच्या बायका. मी दाराजवळची. म्हणतील, हिला आमचा भाव दिसत नाय, नखं दिसत्यात." त्यांनी चष्मा पुसला. "बत्तीस वर्षांत एक कागद सोडला नाय, आणि इथं तीन गुरुवार सोडले."

मला म्हणायचं होतं, की तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही तसंच म्हणालो असतो. पण ते त्यांना माहीतच होतं, म्हणून तर त्या गप्प बसल्या होत्या.

पाच दिवस चैताली तिथे होती. सलाइनमधून लोह दिलं. मालनबाई रोज दुपारी येऊन खाटेशेजारी बसायच्या आणि थेंबांकडे बघायच्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरला म्हणाल्या, "मघापेक्षा हळू पडतंय." सिस्टर म्हणाली, "आजी, ते आम्ही बघतो." "बघा की. मी पण बघते." तिसऱ्या दिवसापासून सिस्टरच जाता-येता विचारायला लागली, "काय आजी, बरोबर पडतंय ना?"

पंधरावा अध्याय यशोदाबाईंनी आपल्या घरी स्वतः वाचला, इंदिरानगरच्या बायकांसमोर. एका दमात, कुठेही न थांबता. त्यांचं आरोग्य उत्तम आहे. बायका चहा आणि पेढे घेऊन साडेसहालाच निघाल्या म्हणे. एक तर विचारून गेली, ती गहिवरणारी पुन्हा कधी वाचणार आहे?

सोळावा मी वाचला. चैताली घरी आली होती, भिंतीला टेकून उशीवर बसली होती. बायका मोजून सात. वाचताना मला समोर कुणाचे डोळे मिटलेले आहेत आणि कुणाचे नाहीत ते पहिल्यांदा दिसलं, कारण वाचणाऱ्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात. वाचन स्वच्छ झालं. कुणालाही गहिवरून आलं नाही. आरतीनंतर यशोदाबाई म्हणाल्या, "छान झालं हो, पण तो भाव नव्हता." दाराजवळच्या खुर्चीतून मालनबाई म्हणाल्या, "एक ओळ गाळलीस. पान उलटताना." बघितलं तर खरंच गाळली होती. पुन्हा बसून ती ओळ वाचली, मगच प्रसाद वाटला.

त्या गुरुवारच्या पानावर मी काही काढलं नाही. आता आमच्या वहीत नवं कोष्टक आहे, मालनबाईंनी पट्टीने आखून दिलेलं. लोहाची गोळी लिंबू सरबताबरोबर दुपारी, कॅल्शियमची रात्री, दूध आणि चहा गोळीपासून लांब. उपास नाही. दर गुरुवारी सकाळी तपासणी. बैठक शुक्रवारी. यशोदाबाईंनी शुक्रवारला नाराजी दाखवली आहे, पण येतात. गोळ्या देवघराच्या खणात ठेवायच्या नाहीत, असं मालनबाईंनी स्पष्ट सांगितलंय. "तिथं वस्तू देवाला दिसते, तुला नाय." त्या आता जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी आहेत.

आज गुरुवार. सकाळी तपासणी झाली, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला रक्त दिलं. येताना चैताली दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी वरून ओरडले, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही आई, इथल्या काकूंनी कुंडीत पुदिना लावलाय तो बघत होते, आपण पण लावू या का?" एवढं लांबलचक वाक्य तिने एका श्वासात म्हटलं. मी मोजलं. खरंच पुदिना बघत होती की दम घेत होती, ते मात्र मला सांगता येणार नाही, आणि या वेळी मी ते स्वतःच ठरवून टाकणार नाही. तिची नखं मला कालपासून जरा गुलाबी वाटतात. मालनबाईंना दाखवली. त्यांनी खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली, दाबली, सोडली, आणि म्हणाल्या, "कागद बघू, मग बोलू."

निरांजनाची एक बाजू त्या बुधवारपासून तशीच काळी आहे. सहा वाजून दहा मिनिटं झाली. लॅब सातला बंद होते. वही मिटते आणि चैतालीचा रक्ताचा रिपोर्ट आणायला जाते.